वीस आटे

आमच्या दारामागे, जिथे इतरांकडे छत्र्या टांगलेल्या असतात तिथे, एक लोखंडी चावी उभी असते. कुलुपाची नाही. माझ्या खांद्यापर्यंत उंच, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी खोबण, आणि वजन असं की माझ्या लेकाला ती अजून एका हाताने उचलत नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाणीखात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याची चावी त्यांनी जमा केली. ही मात्र त्यांनी दोन टाकी भागातल्या एका लोहाराकडून स्वतःच्या पैशाने घडवून घेतलेली. खात्याची आखूड होती आणि सारखं वाकून त्यांची कंबर धरायची.

मुंबईबाहेरच्या माणसाला 'चावीवाला' म्हटलं की बंद कपाटं उघडून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आमच्याकडे चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा. या शहराला तानसा, वैतरणा, भातसा अशा शंभर किलोमीटर आणि त्याहून लांबच्या तलावांतून पाणी येतं, रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून जास्त. पण ते सगळ्या गल्ल्यांना एकदम मिळत नाही. पहाटे या भागाला, दुपारी त्या भागाला, रात्री तिसऱ्याला. प्रत्येक वस्तीची 'पाण्याची वेळ' ठरलेली, आणि ती वेळ पाळणारा माणूस रस्त्यातलं झाकण उघडून, आत चावी घालून, गोल गोल फिरत व्हॉल्व्ह उघडतो. १९६८ ते २००२, चौतीस वर्षं आप्पांनी हेच केलं. गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं. त्या अर्थाने सबंध वाडीला उठवणारा माणूस आमच्याच घरात राहत होता. त्याबद्दल आम्हाला कौतुकही मिळायचं आणि पाणी उशिरा आलं की शिव्याही.

"सहा इंची लाइनीला वीस आटे, नऊ इंचीला एकोणतीस." हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला चावी किती वेळा फिरवायची, त्याचा हा हिशेब. पुढे कॉलेजात असताना एकदा कागदावर मांडून बघितलं, तर इंचांची तिप्पट अधिक दोन. आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "असेल. पण अंधारात कागद दिसत नाही गो, आटे मोजता येतात."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाल खांब होता. ओतीव लोखंडाचा, कमरेएवढा, डोक्यावर टोपी, पोटाला झाकण. सगळे त्याला 'बंबाचा नळ' म्हणायचे. फायर हायड्रंट हा शब्द मी खूप नंतर ऐकला, तोही इंग्रजी सिनेमात, जिथे त्याचं मुख्य काम मोटार आपटली की उंच कारंजं उडवणं हे असतं. आमच्या खांबाला कोणी मोटार आपटली नाही. त्याच्यावर लपाछपीचं राज्य घेतलं जायचं, ओली फडकी वाळायची, आणि एका श्रावणात कुणीतरी त्याला शेंदूर लावून पुढ्यात नारळ ठेवला. चाळीतल्या शिकलेल्या मंडळींनी नाकं मुरडली. आप्पा म्हणाले, राहू दे, देव समजतात तोवर कुणी त्याच्या बुडाशी कचरा टाकणार नाही.

बंब हा आपला शब्दही मजेदार आहे. पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून आलेला, म्हणजे पंप. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आणि रस्त्यावरचा लाल बंब, दोन्ही एकाच नावाचे. एकाच्या पोटात विस्तव असतो आणि दुसऱ्याच्या पोटात पाणी.

१९८१ च्या मे महिन्यात शेजारच्या गल्लीत एका बाइंडिंगवाल्याच्या गोदामाला आग लागली. वेळ रात्री अकराची. बंब लवकर आला. जवानांनी आमच्या खांबाचं झाकण काढलं, होज जोडला, नळ फिरवला. खांबातून आवाज आला, फुस्स, जसा सायकलच्या ट्यूबमधून येतो, आणि मग काहीच नाही. ती काही कुणाची चूक नव्हती. पाण्याची वेळ पहाटे साडेचारची होती आणि आगीला ती ठाऊक नव्हती.

तोपर्यंत बंबाच्या टाकीतल्या पाण्यावर काम सुरू झालं होतं. हे पाणी किती पुरतं, ते पुढे मी एका अग्निशमन अधिकाऱ्याला विचारून घेतलं. साधारण बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. २० मिलिमीटरच्या एका नोझलमधून चांगल्या दाबाने मिनिटाला सहाशे लिटरच्या आसपास जातं. म्हणजे एकच मारा चालू असेल तर साडेसात-आठ मिनिटं, दोन असतील तर चार. बंब पाणी घेऊन येतो खरा, पण ते पाणी सुरुवात करण्यापुरतं असतं. पुढचं पाणी रस्त्याने द्यायचं, अशी या सगळ्या व्यवस्थेची मांडणी आहे.

कुणीतरी आमचं दार वाजवलं. आप्पा बनियनवर निघाले, चावी खांद्यावर, पायात काहीच नाही. व्हॉल्व्ह होता मोठ्या रस्त्यावर, दोनशे पावलांवर. मी मागोमाग धावले, नऊ वर्षांची, आणि आईने हाक मारली ती ऐकू आली नाही असं दाखवलं. आप्पांनी झाकण उचकटलं, चावी बसवली आणि फिरायला लागले. मला वाटलं होतं ते गरागरा फिरतील. ते नेहमीसारखेच, संथ फिरले. मी ओरडले, "आप्पा लवकर!" ते मोजत होते, सात, आठ, नऊ. रिकाम्या लाइनीत पाणी एकदम सोडलं तर आतली हवा कोंडते, पाणी हातोड्यासारखं आपटतं आणि जुने सांधे फुटतात. मग गल्लीला आगही आणि पूरही. वीस झाल्यावर त्यांनी चावी काढली आणि आम्ही परत धावलो. खांबातून आधी बराच वेळ हवा आली, मग तांबडं गंजाचं पाणी खोकत खोकत, आणि मग एकदम होज फुगून टणक झाला. तेवढ्या वेळात गोदामाचं छप्पर बसलं होतं. माणूस कुणी गेला नाही. दहावीची गाइडं मात्र सगळी जळाली, त्याबद्दल गल्लीतल्या मोठ्या मुलांना झालेलं दुःख मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. पहाटे बंबवाल्यांनी आप्पांना इराण्याकडे नेऊन चहा पाजला.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला: ज्याच्या मागे पाणी उभं नाही, त्या खांबाला हायड्रंट म्हणायचं तरी का? पुढे मासिकांसाठी लिहायला लागल्यावर मी तो निवांत खणून काढला. तेव्हा कळलं की आप्पा एकटे नव्हते.

लंडनमध्ये १६६६ च्या सप्टेंबरात शहर चार दिवस जळत होतं. तेव्हा तिथल्या रस्त्यांखाली लाकडी नळ होते, एल्म झाडाचे ओंडके आतून पोखरून एकापुढे एक जोडलेले. आग लागली की लोक रस्ता खणत, नळ फोडत, खड्ड्यात साचलेलं पाणी बादल्यांनी उपसत. त्या दिवसांत असे नळ ठिकठिकाणी फोडले गेले आणि पुढच्या वस्तीचं पाणी तुटलं. लंडन ब्रिजखाली नदीच्या ओघावर फिरणारी, शहराला पाणी चढवणारी चाकंही सुरुवातीलाच जळाली. नंतर शहाणपण आलं ते असं, की नळाला ठरावीक अंतरावर आधीच भोक ठेवायचं आणि त्यात लाकडी बूच मारायचं. आग लागली की बूच काढायचं. हे बूच म्हणजे 'फायर प्लग'. अमेरिकेत म्हातारी माणसं हायड्रंटला अजून फायर प्लगच म्हणतात, लाकडी नळ केव्हाच गेले तरी.

बूच आलं, पण पाणी? एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला खासगी कंपन्या पाणी देत, आणि ते आपल्यासारखंच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासांना. पाणी सोडायला कंपनीचा एक माणूस असे, लांब चावी घेऊन फिरणारा. त्याचं नाव टर्नकॉक. आग लागली की आधी टर्नकॉकला उठवायला माणूस पळायचा. इतका की अठराव्या शतकातल्या कायद्यात त्याच्यासाठी बक्षीस होतं: ज्या टर्नकॉकचं पाणी नळाला आधी येईल त्याला दहा शिलिंगांपर्यंत.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे साहेबाच्या देशात पण चावीवाला होता?" होता, म्हटलं. "आणि दहा शिलिंग म्हणजे किती?" अर्धा पौंड. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, चहापेक्षा बरं.

१८६१ च्या जूनमध्ये टेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. नळांना वेळेवर पाणी आलं नाही आणि ओहोटीने नदीचं पाणीही खाली गेलेलं. लंडनच्या अग्निशमनाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून त्यातच गेले. आग पंधरवडाभर धुमसत राहिली. त्यानंतर १८६६ मध्ये सरकारी अग्निशमन दल उभं राहिलं, आणि १८७१ च्या कायद्याने कंपन्यांना चोवीस तास पाणी देण्याकडे वळवलं. तेही लगेच झालं नाही, बरीच वर्षं लागली. माझं मत विचाराल तर हायड्रंटचा खरा जन्म तेव्हाचा. खांब कुणीही ओततो. खांबामागे दिवसरात्र दाबाने थांबलेलं पाणी ठेवणं हे अवघड काम.

तसा खांबाच्या आकाराचा हायड्रंट १८०१ मध्ये फिलाडेल्फियाच्या पाणीपुरवठ्याचे अभियंता फ्रेडरिक ग्राफ यांनी बनवला असं मानतात. 'मानतात' म्हणायचं कारण, १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिसच जळून खाक झालं आणि तोवरच्या हजारो पेटंटांचे कागद त्यात गेले. आग विझवायच्या यंत्राचा पुरावा आगीत जावा, यावर आप्पा पोट धरून हसले.

थंड देशांतल्या खांबाचं पोट कोरडं असतं, हीही एक गंमत. व्हॉल्व्ह खोल जमिनीत, जिथवर बर्फ पोचत नाही तिथे. वरून लांब दांड्याने तो उघडायचा, बंद केला की खांबातलं उरलेलं पाणी खाली झिरपून जातं, नाहीतर गोठून लोखंड फाडेल. आपल्याला ती चिंता नाही. आपल्याकडे एक खांबाचा प्रकार, दुसरा रस्त्याखालचा, झाकणाआड लपलेला, ज्यावर जवान आपला स्टँड पाइप बसवतात. जपानात, इंग्लंडात बहुतेक हायड्रंट असेच जमिनीखाली. पण इंग्लंडात जवळच्या भिंतीवर किंवा खांबावर पिवळी पाटी असते, तिच्यावर मोठा एच, वरचा आकडा नळ किती मिलिमीटरचा ते सांगतो आणि खालचा आकडा हायड्रंट पाटीपासून किती मीटरवर ते. मला या पाटीचा हेवा वाटतो. आमच्या भागात हेच दोन आकडे आप्पांच्या डोक्यात होते आणि ते निवृत्त झाल्यावर डोकं घरी आलं.

जोडणीचीही एक गोष्ट आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब रेल्वेने धावून आले. जवान उतरले, हायड्रंटला पाणी होतं, पण त्यांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. प्रत्येक गावाने आपापल्या मापाचे आटे पाडलेले. तीस तासांत दीड हजाराहून जास्त इमारती गेल्या, आणि मग देशाने एक माप ठरवण्याचं मनावर घेतलं. आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे ६३ मिलिमीटरची झटकन बसणारी जोडणी असते. तिला आटेच नाहीत. एकात दुसरं घुसवायचं, खट्ट आवाज आला की लागली. अंधारात, धुरात, हातमोजे घालून लागते.

आता मुंबईकडे येते. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टात मोठी आग लागली आणि किल्ल्याच्या आतल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर तटाबाहेरची वस्ती वाढत गेली, आमचं काळबादेवी-गिरगाव भरण्यात त्या आगीचाही हात आहे. तेव्हा आग विझवायला काय होतं? विहिरी आणि तलाव. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं, मग तुळशी, मग १८९२ मध्ये तानसा. नळाबरोबर बंबाचे नळ आले. पुढे अग्निशमनाचं काम पोलिसांकडून पालिकेकडे आलं, १९०७ मध्ये मोटारीचा बंब आला आणि हळूहळू घोड्यांचे बंब गेले.

आणि तलाव बुजले. घरात नळ आल्यावर तलावाकाठी कोण जाणार? डासांचं, हिवतापाचं कारण होतंच. गिरगावातल्या आमच्या रोजच्या बोलण्यात ते अजून आहेत: सी. पी. टँक, धोबी तलाव, गोवालिया टँक, दोन टाकी. लहानपणी मी हट्ट धरला होता की सी. पी. टँकचा टँक दाखवा. आप्पा मला तिथे घेऊन गेले, चौकात उभं केलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर उभी आहेस." तलाव बुजवले ते चूक केलं असं मी म्हणणार नाही, हिवतापाने माणसं मरत होती. पण त्यात एक गोष्ट निसटली. तलाव आगीची वाट बघत चोवीस तास भरलेला असायचा. त्याची जागा ज्या नळाने घेतली त्याला पाण्याची वेळ होती.

सॅन फ्रान्सिस्कोने उलटं केलं. १८ एप्रिल १९०६ ला पहाटे सव्वापाचच्या सुमाराला भूकंप झाला, जमिनीखालचे नळ तुटले, ठिकठिकाणी आगी लागल्या आणि बहुतेक हायड्रंट कोरडे. मिशन भागात, टेकडीवर, विसाव्या रस्त्याच्या आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा एक हायड्रंट मात्र चालू होता. लोकांनी बंब दोरांनी ओढत चढावर आणले आणि त्या एका नळावर मिशनचा मोठा भाग वाचला. दरवर्षी १८ एप्रिलला पहाटे लोक जमतात आणि त्या हायड्रंटला सोनेरी रंग देतात. (आमच्या शेंदराला नाकं मुरडणाऱ्यांना हे कळवायला हवं होतं.) पण रंगापेक्षा महत्त्वाचं त्यांनी नंतर केलं ते. आगीसाठी वेगळे, जास्त दाबाचे नळ टाकले, आणि रस्त्यांखालच्या जुन्या टाक्या बुजवायच्या सोडून आणखी नव्या बांधल्या. आज तिथे अशा दीडशेहून जास्त टाक्या आहेत. चौकात डांबरावर विटांचं मोठं वर्तुळ दिसलं की समजायचं, खाली पाणी आहे. नळ तुटला तरी ते तिथेच असतं.

अर्थात चोवीस तास पाणी म्हणजे अमर्याद पाणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या डोंगरावर वणवा पेटला आणि वरच्या भागातले हायड्रंट कोरडे पडले, ते टीव्हीवर दाखवत होते. आप्पा बघत होते. "वरच्या टाक्या रिकाम्या झाल्या असणार," ते म्हणाले. "पंप भरतोय त्याच्यापेक्षा जास्त लोक ओढतायत." पाच मिनिटांनी बातमीत तेच सांगितलं: प्रत्येकी दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या एकामागून एक संपल्या. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आग रोज लागत नाही, मग हायड्रंटचं रोजचं काम काय, असं कुणी विचारलं तर आप्पांकडे यादी आहे. पाइप फुटून दुरुस्त झाला की आत गेलेली माती धुऊन काढायला हायड्रंट उघडायचा, नाहीतर ती माती तुमच्या माठात. लाइनीत कोंडलेली हवा सोडायला हायड्रंट. गल्लीच्या टोकाला दाब पोचतो का ते बघायला हायड्रंट, वैद्य मनगट धरतो तसा. आणि चोरायलाही हायड्रंटच. रात्री टँकर लावून पाणी भरणारे आप्पांनी दोनदा पकडले. हायड्रंटवर नुसता जोराचा पंप लावणंही धोक्याचं असतं. लाइनीत पाणी थोडं आणि ओढ मोठी असली की पाइपात पोकळी होते, आणि ती पोकळी जवळच्या गटारातलं पाणी फटींतून आत खेचून घेते. आगीच्या दुसऱ्या दिवशी वाडीत पोटं बिघडतात ती अशी.

आमची चाळ गेली, त्या जागी बावीस मजली टॉवर आला. लाल खांबही रस्तारुंदीत गेला. आता पाणी रस्त्याने देणार नाही, ज्याने त्याने आपलं ठेवावं, असा आजचा रिवाज आहे. म्हणून प्रत्येक उंच इमारतीच्या पोटात स्वतःचा हायड्रंट असतो. आमच्याकडे तळाशी आगीसाठी राखीव दीड लाख लिटरची टाकी आहे, तिथून वरपर्यंत जाणारा लाल पाइप, प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक व्हॉल्व्ह, काचेच्या पेटीत होज. लाल पाइपात दाब कायम राहावा म्हणून एक छोटा पंप, त्याला जॉकी म्हणतात. व्हॉल्व्ह उघडला की दाब पडतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. बुजवलेला सी. पी. टँक आता प्रत्येक टॉवरखाली छोटा होऊन परत आला आहे, असं मला कधी कधी वाटतं.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे ही सगळी यंत्रणा चालू असल्याचा दाखला, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, तो परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यावा लागतो. मी सोसायटीची सेक्रेटरी झाले त्या वर्षी एजन्सीचा मुलगा जुलैचा दाखला घेऊन आला. सही-शिक्का तयार. मी म्हटलं, आधी चालवून दाखव. तो म्हणाला, "मॅडम, पाणी वाया जाईल." आप्पा सोफ्यावर होते. ते उठले.

सातव्या मजल्यावर पेटी उघडली. होज होता, नोझल नव्हतं. सहाव्यावर नव्हतं, पाचव्यावरही नव्हतं. बावीस मजल्यांत मिळून चार नोझल निघाली. बाकीची पितळी असल्यामुळे भंगारात गेली होती, कधी, कुणी, देव जाणे. पंपखोलीत गेलो तर स्विच 'ऑफ'वर. कुठेतरी गळती होती, त्यामुळे जॉकी सारखा चालू होई आणि विजेचं बिल वाढे, म्हणून आमच्याच कमिटीने दोन वर्षांपूर्वी तो बंद करायला सांगितला होता. त्या मिनिट्सवर माझी पण सही होती, सदस्य म्हणून.

गळती काढायला सहा आठवडे आणि तीन मीटिंगा लागल्या. नोझल या वेळी पितळी घेतली नाहीत. मग एका रविवारी गच्चीवर चाचणी झाली. व्हॉल्व्ह आप्पांनी उघडला, हळूहळू, मोजत. होज फुगला, नोझल धरलेले दोन्ही वॉचमन एक पाऊल मागे सरकले आणि पाणी कठड्यावरून पार गेलं. मुलं किंचाळली. तळमजल्याच्या शेट्टीअण्णांनी वर फोन करून विचारलं, हे पाणी कुणाच्या बिलात धरणार?

या मार्चमध्ये आमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण सुरू झालं. आप्पा आता एक्याऐंशीचे. सकाळी दारामागची चावी घेऊन निघाले, मी मागोमाग, जशी तेव्हा. पानवाल्याच्या टपरीपाशी थांबून ते चावीचं बूड डांबरावर आपटत चालले. ठक्. ठक्. ठक्. टपरीच्या कडेला आवाज बदलला, पोकळ, ठण्ण. पानवाल्याने न विचारताच क्रेट उचलून बाजूला ठेवला.

ठेकेदाराचा सुपरवायझर आला, पंचविशीतला मुलगा, गळ्यात ओळखपत्र. "काय शोधताय काका?"

"व्हॉल्व्ह आहे इथे. डांबराखाली गेलाय. काँक्रीट टाकाल तेव्हा झाकण वर घ्या."

मुलाने त्यांच्याकडे बघितलं, चावीकडे बघितलं. खिशातून रंगाचा डबा काढला आणि डांबरावर पांढरं वर्तुळ मारलं. मग फोन काढून फोटो घेतला.

"केवढी लाइन आहे, माहितीय का?"

"सहा इंची," आप्पा म्हणाले. "वीस आटे. लिहून ठेव."

त्याने फोनमध्ये लिहिलं.